विचारा तर खरं : ब्रिटनच्या कौलानंतरचा गलका

गेल्या अंकात ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा जो कौल 2016 साली दिला, त्यावर एक टिपण आलं होतं. ‘लोकांनीच मत दिलं आणि लोकच बोंबलत सुटले’ हे त्यातलं वाक्य बऱ्याच वाचकांना खटकलं. आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. पत्रं थोडी आखडली आहेत, प्रश्न तेच आहेत.

ब्रिटनचे मच्छीमार तर संघ सोडायला सगळ्यांत पुढे होते. जून 2016 मध्ये थेम्स नदीत होड्यांचा ताफाच घेऊन गेले होते म्हणे. मग पाच वर्षांत तेच लोक सरकारला शिव्या का घालू लागले? आपलं पाणी आपल्याला मिळालं की नाही?
— वाचक, हर्णै

पाणी थोडं मिळालं, बाजार अडला. एवढ्यावर भागलं असतं, पण हर्णै बंदरावर जे वाद रोज ऐकू येतात तेच या प्रकरणात आहेत, म्हणून जरा सविस्तर.

संघाच्या सामाईक मासेमारी धोरणात कुठल्या देशाने कुठला मासा किती टन पकडायचा याचा कोटा ठरतो. वाटणीचं हे सूत्र 1983 साली बसवलं, तेही सत्तरच्या दशकात कोण किती पकडत होता त्यावरून. त्या काळी ब्रिटनचे मोठे ट्रॉलर आइसलंडकडच्या लांबच्या पाण्यात जायचे. घराजवळच्या पाण्यात पकड कमी, म्हणून वाटाही कमी लागला. मच्छीमारांचा राग खरा होता आणि जुना होता.

पण दुसरी गोष्ट ताफ्याच्या फलकांवर नव्हती. ब्रिटनला मिळालेला कोटा देशात कुणी कसा वाटायचा, हे ब्रुसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, ठरवत नव्हतं, लंडन ठरवत होतं. तिथे कोटा बोटीच्या परवान्याला चिकटतो आणि विकत घेता येतो. त्यामुळे तो मोठ्या कंपन्यांकडे साचला, काही परदेशी मालकांकडेही गेला. दहा मीटरच्या आतल्या होड्या ताफ्यात तीन-चतुर्थांशाहून जास्त, पण कोट्यातला त्यांचा वाटा किरकोळ. पर्ससीनच्या मोठ्या यांत्रिक बोटी आणि पारंपरिक होड्या यांचं भांडण ज्यांना माहीत आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. संघ सोडल्याने ही आतली वाटणी आपोआप बदलणार नव्हती.

डिसेंबर 2020 च्या व्यापार करारात ठरलं ते असं : ब्रिटिश पाण्यातल्या युरोपीय पकडीच्या किमतीचा चौथा हिस्सा जून 2026 पर्यंत टप्प्याटप्प्याने ब्रिटनकडे यायचा. दक्षिण किनाऱ्याच्या काही भागांत 6 ते 12 सागरी मैलांच्या पट्ट्यातही परकी बोटी येत राहिल्या. मच्छीमारांना निदान हा पट्टा तरी रिकामा होईल अशी आशा होती. पुढे मे 2025 च्या समझोत्यात युरोपीय बोटींना 2038 पर्यंत मुभा वाढवून दिली.

आता बाजार. ब्रिटिश माणूस कॉड आणि हॅडॉक खातो, तो बराचसा बाहेरून येतो. त्याच्या बोटी बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, खेकडे, लँगोस्टिन नावाची लांब नांगीची कोळंबी पकडतात, आणि तो माल फ्रान्स-स्पेनला जातो. आपल्याकडे माकूळ जसा घरात कमी आणि कंपनीच्या गाडीत जास्त जातो, तसंच.

1 जानेवारी 2021 पासून या मालाला तीन कागद लागू लागले : पकड दाखला, सरकारमान्य पशुवैद्याच्या सहीचा आरोग्य दाखला आणि सीमाशुल्काचं घोषणापत्र. स्कॉटलंडचे छोटे व्यापारी एकाच ट्रकमध्ये मिळून माल भरतात. दहाजणांच्या पेट्यांपैकी एकाच्या कागदात माशाचं शास्त्रीय नाव किंवा वजन चुकलं की दहाही जणांचा ट्रक अडतो. जिवंत लँगोस्टिन असा ताटकळला तर मरतो, आणि मेला की भाव पडतो. काही बोटींनी तर माल थेट डेन्मार्कच्या बंदरात नेऊन उतरवला. 18 जानेवारीला मासळीच्या व्यापाऱ्यांचे ट्रक लंडनमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर येऊन उभे राहिले, दुसऱ्या दिवशी 2.3 कोटी पौंडांची भरपाई जाहीर झाली.

कालवं आणि शिनाण्यांचं दुखणं आणखी वेगळं. ही जात पाणी गाळून जगते, त्यामुळे पाण्यातली घाणही अंगात साठवते. ‘ब’ वर्गाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या पाण्यातली कालवं विकण्याआधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवावी लागतात, ब्रिटनमध्ये साधारण 42 तास. आधी ती तशीच युरोपात जायची आणि तिथल्या टाक्यांत साफ व्हायची. संघाबाहेरच्या देशाला तशी मुभा नाही. टाक्या घरी बांधायच्या तर भांडवल हवं, शिवाय साफ केलेलं कालव फार टिकत नाही. हा नियम नवा नव्हता. तो आपल्याला लागू होईल हे कुणी आधी बजावून सांगितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून ‘मत दिलं आणि मग बोंबलले’ हे वाक्य निदान या मच्छीमारांना लावू नये. त्यांनी मागितलं ते एक, करारात मिळालं ते दुसरं.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात या विषयावर वादविवाद आहे. ‘जनतेची प्रतिक्रिया’ म्हणून कोणते आकडे द्यावेत? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळे दिसतात.
— बारावीच्या दोन विद्यार्थिनी, देवरुख

आधी पक्के आकडे. 23 जून 2016. मतदान 72.2 टक्के. ‘सोडा’ 1 कोटी 74 लाख, म्हणजे 51.9 टक्के, ‘राहा’ 1 कोटी 61 लाख, म्हणजे 48.1 टक्के. इंग्लंड आणि वेल्सचा कौल सोडण्याकडे. स्कॉटलंडमध्ये 62 टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये 55.8 टक्के राहण्याकडे. लंडनही राहण्याच्या बाजूचं, जवळजवळ 60 टक्के. उलट ग्रिम्सबी हे जुनं मासळीबंदर ज्या भागात येतं तिथे सत्तर टक्के लोक सोडा म्हणाले.

हे मोजलेले आकडे. ‘तरुणांनी राहा म्हटलं, म्हाताऱ्यांनी सोडा म्हटलं’ हा आकडा मोजलेला नाही, तो सर्वेक्षणातून आला आहे. मतपत्रिकेवर वय लिहिलेलं नसतं. मतदानाच्या दिवशीच्या एका मोठ्या सर्वेक्षणात 18 ते 24 वयातले 73 टक्के राहण्याच्या बाजूचे, 65 च्या पुढचे 60 टक्के सोडण्याच्या बाजूचे निघाले. वापरा, पण ‘सर्वेक्षणानुसार’ हा शब्द गाळू नका. समोरची बाजू तिथेच पकडते.

टक्केवारी कशाची हेही सांगा. मतदान केलेल्यांपैकी 51.9. एकूण नोंदलेल्या मतदारांपैकी धरलं तर सुमारे साडेसदतीस टक्के सोडा, पावणेपस्तीस टक्के राहा, उरलेले घरी. दोन्ही खरे. पण भाषणात एकदा हा आणि एकदा तो असं करू नये, तुमचा मुद्दा कितीही बरोबर असला तरी.

नंतरच्या ‘पश्चात्तापा’चे आकडे घेताना प्रश्नाचे शब्द वाचा. ‘सोडणं चुकलं का?’, ‘परत जावं का?’ आणि ‘पौंड सोडून युरो घ्यावा लागला तरी परत जावं का?’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याला गेली काही वर्षं निम्म्याहून अधिक लोक हो म्हणतात, युरोचं नाव काढलं की पाठिंबा घसरतो. शिवाय त्या ‘हो’ म्हणणाऱ्यांत मत बदललेले किती, 2016 ला मतदानच न केलेले किती आणि तेव्हा शाळेत असलेले किती, हे वेगळं काढून बघा. पश्चात्ताप पहिल्या गटालाच होऊ शकतो.

भाषणाला सुरुवात हवी असेल तर घड्याळ वापरा. तिथलं मतदान रात्री दहाला संपलं, आपल्याकडे अडीच वाजले होते. तेव्हा पौंड दीड डॉलरच्या आसपास होता, कारण राहणारेच जिंकणार असं बाजाराने धरलं होतं. मतपत्रिका हातांनी मोजायच्या, 382 मोजणी विभाग. मध्यरात्रीनंतर संडरलँडचा निकाल आला, सोडणारे 61 टक्के, आणि पौंड गडगडला. बीबीसीने निकाल सांगितला तो तिथल्या पहाटे चार चाळीसला. आपल्याकडे नऊ दहा, मुंबईचा शेअरबाजार उघडायला पाच मिनिटं. दिवसभरात सेन्सेक्स एकदा हजारभर अंकांनी खाली गेला, बंद होताना घसरण सहाशेची होती. पौंड 1985 नंतरच्या नीचांकाला.

एक गंमत जोडता येईल. तिथे मतदानकेंद्रात फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल असते. ‘पेन्सिलीची फुली खोडतील, पेन घेऊन जा’ अशी आवई सोडणाऱ्यांच्या बाजूने उठली आणि लोक खरंच खिशात पेन घेऊन गेले. जिंकल्यावर पेन्सिलीचा विषय कुणी काढला नाही.

माझ्या बहिणीचं सासर पेडण्याचं. भावोजींनी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडात नोकरी धरली. त्यांच्याच खोलीत राहणारा आमच्याकडचा एक मुलगा भारतीय पासपोर्टवर होता. त्याला सार्वमतात मत देता आलं, भावोजींना मात्र नाही. हे खरं असेल का? आणि आता त्यांच्या मुलाला तिकडे जाता येईल का?
— वाचक, बांदा

खरं आहे, आणि नियमाने बरोबरही आहे. सार्वमतात मत कुणाला, तर ब्रिटनमध्ये राहणारे ब्रिटिश, आयरिश आणि राष्ट्रकुलातले नागरिक यांना. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे व्हिसावर राहणाऱ्या त्या मुलाचं नाव मतदारयादीत लागलं. पोर्तुगाल संघात आहे, राष्ट्रकुलात नाही. दुसरं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारताचं संपतं, म्हणून भावोजींना तीही वाट उरली नाही. ज्यांच्या राहण्याचा प्रश्न होता त्यांना मत नाही, ही तक्रार तेव्हा लाखो युरोपीय रहिवाशांची होती. परदेशात पंधरा वर्षांहून जास्त राहिलेल्या ब्रिटिशांनाही मत नव्हतं.

आता मुलाचं. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेले आणि त्यांची मुलं-नातवंडं यांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येतं, ते अजूनही आहे. पण त्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये जाऊन राहायचा हक्क 31 डिसेंबर 2020 ला संपला. त्या तारखेपर्यंत तिथे राहत असलेल्यांसाठी वस्तीची योजना होती. पाच वर्षं सलग राहिलेल्याला कायम दर्जा, त्याहून कमी असेल तर तात्पुरता, अर्ज 30 जून 2021 पर्यंत. भावोजींचा दर्जा कुठला ते आधी विचारा. कायम दर्जाचा माणूस सलग पाच वर्षं ब्रिटनबाहेर राहिला तर तो दर्जा जातो, त्यामुळे ‘गावी येऊन निवांत राहतो’ म्हणण्याआधी हिशेब करावा.

बापाकडे दर्जा असेल तर मुलाला कुटुंबीय म्हणून अर्ज करता येतो का, हे मुलाच्या वयावर आणि नातं सिद्ध करणाऱ्या कागदांवर ठरतं. अडतं कुठे, तर नावात. गोव्यातल्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, पोर्तुगीज नोंदीत दुसरं, इथल्या शाळेच्या दाखल्यावर तिसरं. तिन्ही एका रेषेत आणल्याशिवाय फी भरू नये. ‘पोर्तुगीज काढून देतो, थेट लंडन’ असं सांगणारा एजंट भेटला तर दारातून परत पाठवा. त्या पासपोर्टवर लिस्बनला जाता येईल, लंडनला राहता येणार नाही.

गोव्याचाही असाच कौल झाला होता ना? मग तिकडे एवढा गोंधळ का झाला नाही?
— निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले

तुमचा प्रश्न आम्हाला सगळ्यांत आवडला. 16 जानेवारी 1967. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासिताची दोन पानं. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं, विरुद्ध 1,72,191. फरक 34,021 चा. गुरुजी, फरक टक्केवारीत ब्रिटनपेक्षा मोठा होता, पण ‘सगळ्यांनी आनंदाने मान्य केला’ इतका मोठा नव्हता. मुंबईत राहणाऱ्या गोंयकारांना मत नव्हतं यावरूनही बोलणं झालंच.

तरी फरक तीन ठिकाणी पडला. एक, संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि दोन्ही पर्याय कागदावर पूर्ण होते. फूल म्हणजे महाराष्ट्राचा जिल्हा, पानं म्हणजे आहे ते. मतदाराला निकालानंतर काय होणार ते ठाऊक होतं. ब्रिटनच्या मतपत्रिकेवर विचारलं होतं की संघाचं सदस्य राहावं की संघ सोडावा. राहणं म्हणजे काय ते माहीत होतं. सोडणं म्हणजे नॉर्वेसारखं बाजारात राहून सोडणं, की सीमाशुल्काच्या कुंपणात राहून, की सगळंच तोडून, याबद्दल मतपत्रिका गप्प. प्रचारात हे सगळे प्रकार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येत होते. सोडणारे 1 कोटी 74 लाख एका रकान्यात आले, पण एका गोष्टीसाठी आले नव्हते.

याची किंमत संसदेत मोजावी लागली. 27 मार्च 2019 ला खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले, आठही पडले. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार त्याआधी जानेवारीत 230 मतांनी पडला होता, तिसऱ्या खेपेला तो 58 मतांनी पडला. उत्तर आयर्लंडची आयर्लंडशी, म्हणजे संघातल्या देशाशी, लागलेली जमिनीवरची सीमा हा त्यातला सगळ्यांत अवघड सांधा. प्रचारात त्याची चर्चा नावापुरती झाली होती.

दोन, राजीनामा कधी दिला. दयानंद बांदोडकर विलीनीकरणवादी मुख्यमंत्री, त्यांनी कौलाच्या आधी पद सोडलं, म्हणजे सरकारी यंत्रणा एका बाजूला झुकल्याचा आरोप नको. कौल हरले आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत परत जिंकून मुख्यमंत्री झाले. डेव्हिड कॅमेरून पदावर राहून प्रचारात उतरले आणि निकालाच्या सकाळी राजीनामा जाहीर केला. सोडण्याचं काम ज्यांच्या हाती आलं, त्या मे स्वतः राहण्याच्या बाजूच्या होत्या.

तीन, गोव्यात हरलेल्या बाजूला घर होतं. विलीनीकरण हवं असणारा माणूस दुसऱ्या दिवशी सावंतवाडीच्या बाजाराला येऊ शकत होता, मराठी शाळेत मुलाला घालू शकत होता. ब्रिटनमध्ये ‘राहा’ म्हणून मत देणाऱ्याचा युरोपात कुठेही काम करण्याचा हक्कच गेला. आयरिश आजी-आजोबा शोधून आयरिश पासपोर्टसाठी रांग लावणं ही त्यातूनच आलेली प्रतिक्रिया होती.

2014 ला युरोपने हापूस बंद केला तेव्हा ब्रिटनमधले व्यापारी ‘हे ब्रुसेल्सचं काम’ म्हणून ओरडत होते. आता ब्रिटन मोकळा झाला, मग आंब्याच्या अटी सैल का झाल्या नाहीत?
— बागायतदार, देवगड

कारण फळमाशीला सार्वमत कळत नाही. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली, त्यावरून 1 मे 2014 पासून आंबा, वांगं, अळू, कारलं आणि पडवळ यांना संघाने बंदी घातली. ब्रिटन सदस्य असल्याने त्याला एकट्याने ती उठवता येत नव्हती, एवढं व्यापाऱ्यांचं म्हणणं बरोबर. पण बंदीची भीती ब्रिटनचीही होती, त्यांच्या टोमॅटो-काकडीच्या हरितगृहांसाठी. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली, आपल्याकडची तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर.

बाहेर पडताना ब्रिटनने संघाचे नियम आधी जसेच्या तसे आपल्या कायद्यात उतरवून घेतले. म्हणून बागेची नोंदणी, गरम पाण्याची किंवा वाफेची प्रक्रिया आणि वनस्पती आरोग्य दाखला यातून सुटका नाही. बदललं ते हे : पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला माल त्याच कागदांवर लंडनला जायचा, आता वाटेत दुसरी सीमा आहे. खेप ज्या देशासाठी त्याच देशाचं नाव दाखल्यावर हवं. आंब्यावर आयातशुल्क आधीही नव्हतं, त्यामुळे 24 जुलै 2025 ला सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार कराराने हापूसचा भाव वाढेल असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. कोळंबीवाल्यांना त्यात रस आहे.

प्रक्रियेला पाठवताना एका क्रेटमध्ये एकाच आकाराची फळं भरा. लहान-मोठी मिसळली की मोठ्याच्या कोयीपर्यंत ऊब जाईतो लहान फळ भाजून निघतं, आणि डाग पडलेला आंबा माघारी येतो.

मतदानानंतर ब्रिटिश लोक गूगलवर ‘युरोपीय संघ म्हणजे काय’ शोधत होते, ही पोस्ट अजून फिरते. आणि चाळीस लाखांनी ‘पुन्हा मतदान घ्या’ म्हणून सही केली तरी काही झालं नाही, ते कसं?
— वाचक, चिपळूण

शोध वाढला हे खरं. पण गूगल तिथे वाढीचं प्रमाण दाखवतं, माणसं मोजत नाही. शिवाय शोधणारा मत देऊन आलेला होता, की शाळकरी पोर होतं, हे त्यातून कळत नाही. पोस्ट फॉरवर्ड करू नये या लायकीची.

सह्या 41 लाखांवर गेल्या. त्या अर्जात मागणी अशी की विजयी बाजूला साठ टक्के मतं नसतील आणि मतदान पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर पुन्हा सार्वमत घ्या. तो कौलाच्या आधीच नोंदवला होता, आणि नोंदवणारा सोडण्याच्या बाजूचा होता! आपण हरू या धाकाने त्याने ठेवलेली काठी दुसऱ्यांनी उचलली. संसदेच्या संकेतस्थळावर दहा हजार सह्यांना सरकारचं उत्तर आणि एक लाखाला चर्चेचा विचार, एवढंच मिळतं. चर्चा 5 सप्टेंबर 2016 ला झाली, मागणी सरकारने आधीच नाकारली होती. यात बोगस सह्याही निघाल्या. निदान 77 हजार काढल्या, त्यांतल्या 39 हजारांवर व्हॅटिकनमधल्या म्हणून नोंदवलेल्या. व्हॅटिकनची वस्ती हजाराच्या आत.

2019 ला ‘बाहेर पडणंच रद्द करा’ या अर्जावर 61 लाख सह्या झाल्या. तोही चर्चेपुरताच. अशी सही ब्रिटनचा रहिवासी किंवा ब्रिटिश नागरिकच करू शकतो, चिपळूणहून तुम्ही केली तर ती काढून टाकली जाईल.

कौलानंतर पौंड पडला तेव्हा शिकायला जाणाऱ्यांचा फायदा झाला म्हणतात. किती?
— पालक, रत्नागिरी

त्या आठवड्यात पौंड शंभर रुपयांच्या आसपासवरून नव्वदीच्या सुरुवातीला आला. पंधरा हजार पौंडांची फी धरा. 100 च्या भावाने 15 लाख, 91 च्या भावाने 13 लाख 65 हजार. वाचले 1 लाख 35 हजार. पण फी हप्त्यांत जाते, त्यामुळे पहिल्या हप्त्याचाच भाव नक्की असतो. कर्ज मंजूर करून घेताना चालू भावाच्या वर दहा टक्के धरून रक्कम मागावी, आणि बँकेचा परकीय चलन विक्रीचा दर बघावा. वर्तमानपत्रात येतो तो दर तुम्हाला मिळत नाही.